कोऱ्या कागदाचं वजन

सकाळचे दहा वाजले होते आणि सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या आठशे, माणसं बाराशेच्या वर. जिन्यावर, खिडक्यांच्या कठड्यांवर, मधल्या वाटेत वर्तमानपत्रं पसरून लोक बसले होते. बरेच चेहरे ओळखीचे होते. निवृत्त कारकून, औषधांच्या दुकानांचे मालक, दोन वकील, एका शाळेच्या मुख्याध्यापिका, माझे दातांचे डॉक्टर. म्हणजे एरवी भाजीची पिशवीसुद्धा पारखून घेणारी माणसं. ती सगळी माना उंचावून स्टेजवरच्या एका तराजूकडे बघत होती.

तराजू सराफाकडे असतो तसा होता. पितळेची दांडी, साखळ्यांना टांगलेली दोन पारडी, मधोमध बारीक काटा. एका पारड्यात बोटाएवढी सोन्याची लगड ठेवलेली, दुसरं रिकामं. वरून दोन प्रखर दिवे सोडलेले होते आणि मागे सिनेमाला असतो तसा मोठा पडदा. अकरा वाजता मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पतधोरण जाहीर करणार होते आणि त्यांचं भाषण या पडद्यावर थेट दिसणार होतं. पतधोरण ऐकायला बाराशे माणसं आलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मी आलो होतो ताईमुळे. माझी थोरली बहीण. चौतीस वर्षं सरकारी इस्पितळात परिचारिका होती, शेवटी शेवटी मुख्य परिचारिका. लग्न केलं नाही, मला मात्र शिकवलं. तिनं कधी कुठल्या बाबाचं तोंड पाहिलं नव्हतं, म्हणून तिनं आग्रह केला तेव्हा मी आणि माझी बायको मुकाट्यानं आलो.

मग तो आला. पांढरा सूट, कातरलेली दाढी, अनवाणी पाय. गळ्यात माळ नाही, कपाळाला काही नाही. जमाना बदलला होता, वेष त्याप्रमाणे शिवून घेतला होता.

"मी चमत्कार करत नाही," तो मधाळ आवाजात म्हणाला. "चमत्कार सरकार करतं. कागदावर शाई फासतं आणि म्हणतं, हा पैसा! मी गरीब माणूस. मी फक्त तोलतो. म्हणून तुम्ही मला प्रेमानं तोलबाबा म्हणता."

लोक हसले. लोक फार लवकर हसत होते.

त्यानं प्रेक्षकांतून शंभर जणांच्या शंभर नोटा मागवल्या. बायकोनंही एक दिली. सगळ्या नोटा एका काळ्या लाकडी पेटीत मोकळ्या पसरून ठेवल्या आणि झाकण लावलं. या पेटीला तो मौनपेटी म्हणत असे. "नोट फार बडबडी असते," तो म्हणाला. "दिवसभर या खिशातून त्या खिशात, सारखी खोटं बोलत फिरते. तिला तासभर गप्प बसवल्याशिवाय ती खरं वजन सांगत नाही."

बाराशे माणसांनी यावर माना डोलावल्या.

तो तासभर त्याचा एक सहकारी बोलला. हा बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी होता, टाय लावलेला, हातात आलेख. पूर्वी नोटेच्या पाठीशी सोनं असायचं, नोट दाखवली की सोनं मिळायचं. मग सरकारांनी ती बांधिलकी सोडून दिली. आता नोट म्हणजे नुसतं वचन, आणि नोटा हव्या तितक्या छापता येतात. चलन फार वाढलं की भाव वाढतात, तुमची बचत झिजते. यातलं बरंचसं खरं होतं. तेच तर वाईट होतं. धादांत खोटं निदान ओळखू येतं.

अकराला पाच मिनिटं कमी असताना पेटी उघडली. नोटा पारड्यात फुलाच्या पाकळ्यांसारख्या मोकळ्या, एकावर एक तिरप्या रचल्या. "सगळ्यांना दिसाव्यात म्हणून," बाबा म्हणाला. चिमुकली वजनं टाकून काटा बरोबर मध्यावर आणला. दिवे लागले. पडद्यावर बँकेचे प्रमुख आले, चष्मा नीट केला आणि व्याजदर कमी करत असल्याचं सांगू लागले.

आणि नोटांचं पारडं उचललं गेलं.

कोणी हात लावला नव्हता. बाबा दहा पावलं लांब हात जोडून उभा होता. भाषण पुढे सरकत होतं आणि पारडं केसाकेसानं वर जात होतं. सोनं खाली, नोटा वर. अर्ध्या तासात फरक शेवटच्या रांगेतूनही दिसायला लागला. "अगं आई!" कोणीतरी ओरडलं. माझ्या पुढची बाई हुंदके देऊन रडत होती.

"बघा!" बाबा गरजला. "वचनाचं वजन घटतंय! तुमच्या डोळ्यांदेखत! तुमचा घाम, तुमचं म्हातारपण, वाफ होऊन चाललंय!"

टायवाल्यानं कॅमेरा तराजूच्या बैठकीजवळ नेला. पडद्यावर शिशात ठोकलेला शिक्का आणि त्यातला आकडा दिसला, हातभर मोठा. "कोणाला शंका असेल, तर हा सरकारी निरीक्षकाचा शिक्का. काटा शंभर टक्के खरा!"

ताईनं माझा हात दाबला. डोळे चमकत होते तिचे. "बघितलंस? तुझाच आकडा आहे ना तो? म्हणून तर मी डोळे मिटून विश्वास ठेवला."

आकडा माझाच होता. मी वजनमापे निरीक्षक आहे. तीन आठवड्यांपूर्वी एक जण हा काटा तपासणीला घेऊन आला होता. मी सकाळभर बसून प्रमाण वजनांनी तो पारखला होता, केसाचाही दोष सापडला नव्हता. इतका सुंदर काटा बऱ्याच वर्षांत पाहिला नाही, असं घरी येऊन कौतुकानं बोललोही होतो.

बाहेर टेबलं मांडली होती. तिथं नोटा देऊन 'जिवंत सोनं' मिळत होतं. काचेसारख्या पारदर्शक राळेच्या गोळ्यात घट्ट बसवलेलं नाणं, त्या गोळ्याला कुपी म्हणत. बाजारभावापेक्षा पाचव्या हिश्शानं स्वस्त, कारण म्हणे मध्ये सरकार नाही. अट एकच. वर्षभर कुपी फोडायची नाही. नोटा हाताळलेला हात लागला की सोन्याचं तेज उतरतं. लोक एकमेकांना कोपरानं ढकलत होते. दातांच्या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्याला बाजूला सारून रांगेत जागा मिळवली, मी स्वतः पाहिलं.

"ताई, तू किती घेतल्यास?" मी विचारलं.

"निम्म्याचं घेतलं. भविष्यनिर्वाहाचे आले होते त्यातल्या निम्म्याचं. उरलेलं पंधरा दिवसांनी."

"पंधरा दिवसांनी काय आहे?"

"महातोल. पतधोरणाच्या बैठकीचं इतिवृत्त प्रसिद्ध होतं ना, त्या दिवशी."

लबाडी करणाऱ्यानं सरकारी वेळापत्रक पाठ केलं होतं. आमच्या कार्यालयातही कोणाला ते ठाऊक नसेल.

दुसऱ्या दिवशी मी फेरतपासणीची नोटीस घेऊन त्याच्या कचेरीत गेलो. थंडगार खोली, मऊ गालिचा, भिंतीवर जगातल्या सगळ्या देशांच्या नोटा उलट्या टांगलेल्या. बाबानं स्वतः उठून काटा माझ्यापुढे ठेवला. "तपासा ना साहेब, बारा वेळा तपासा." मी दोन तास तपासला. लोहचुंबक नाही, दोरा नाही, दांडी पोकळ नाही. काटा निर्दोष होता. निघताना त्यानं एक कुपी माझ्या हातात सरकवली. "तुमच्या शिक्क्यामुळे आमचं काम सोपं झालं. आपण दोघंही खऱ्या वजनाचे भक्त." त्याचा हात गरम आणि ओलसर होता. मी कुपी तिथंच टेबलावर ठेवली आणि घरी येऊन साबणानं हात धुतले. आज वाटतं, घ्यायला हवी होती. पण तेव्हा डोकं चाललं नाही, नुसती किळस आली.

घरी बायको खिडकीपाशी एक नोट बोटांत धरून बसली होती. कार्यक्रमानंतर ज्याची त्याला परत दिलेली, तिचीच नोट.

"ही भाजली आहे," ती म्हणाली.

"काय?"

"कडा बघा. आत वळल्यात. देताना ही नोट मऊ पडलेली होती, जुनीच होती. परत आली तेव्हा कडक, पापुद्र्यासारखी. आता पुन्हा मऊ होत चाललीय."

माझी बायको गेली एकोणीस वर्षं एका मोठ्या छापखान्यात कागदाचं कोठार सांभाळते. मी लोखंड आणि पितळ तोलणारा माणूस. ती कागद तोलणारी. पितळ आज जेवढं भरतं तेवढंच उद्या भरतं, म्हणून माझ्या डोक्यात आलंच नाही ते तिच्या डोक्यात एका क्षणात आलं.

"कागद पाणी पितो, अहो. हवेतलं. दमट हवेत जड होतो, कोरड्या हवेत हलका. आमच्याकडे नवा माल आला की दिवसभर गुंडाळलेलाच ठेवतो, नाहीतर कडांना लाटा येतात आणि यंत्रात अडकतो. कागदाचं वजन किती असं कोणी विचारलं तर मी आधी विचारते, कुठल्या हवेत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला कोठारात नेलं. उंच छताची खोली, भिंतीपर्यंत कागदाचे गठ्ठे, दाराशी हवेतला दमटपणा मोजणारं घड्याळासारखं यंत्र. तिनं कोऱ्या कागदाच्या शंभर चिठ्ठ्या नोटेच्या मापात कापल्या, ओलं फडकं तळाशी घातलेल्या डब्यात, वर जाळी ठेवून, तासभर पसरल्या. मी कार्यालयातला काटा आणला होता. एकीकडे चिठ्ठ्या पाकळ्यांसारख्या रचल्या, दुसरीकडे वजनं, आणि वर टेबलावरचा दिवा जवळ ओढला.

काही मिनिटांत चिठ्ठ्यांचं पारडं उठलं.

ना बँकेचे प्रमुख होते, ना व्याजदर. नुसता दिवा, आणि कागदातून उडून चाललेलं पाणी. मी खुर्चीत बसलो. हसावं की थुंकावं कळेना. एक ओलं फडकं! शहरातल्या शहाण्यासुरत्या माणसांची आयुष्यभराची मिळकत एका ओल्या फडक्यावर चालली होती.

पोलिसांकडे गेलो. अधिकारी समजूतदार होता. "तुमचं पटतं मला. पण कागद वाळवणं हा गुन्हा नाही. नाणं खोटं असेल तर गुन्हा. एक कुपी आणा, फोडून दाखवा. आजवर एकही तक्रार नाही." कुपी कोण देणार? ज्याच्याकडे होती तो ती कपाटात, कापसात गुंडाळून ठेवत होता. म्हणून ताईकडे गेलो.

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कुपी नाही देणार."

"ताई, ओल्या फडक्याचा खेळ आहे तो. हिनं करून दाखवलाय."

"असेल. त्यांनी लोकांना समजावं म्हणून केलं असेल तसं. पण जे सांगतात ते खोटं आहे का? नोकरीला लागले तेव्हा जेवढ्या पैशात घर मिळत होतं, तेवढ्यात आज एका खोलीचं वर्षाचं भाडं होत नाही. हे ओल्या फडक्यानं झालं? मी रात्रपाळ्या केल्या, लोकांच्या जखमा धुतल्या, आणि साठवलेलं सगळं बसल्या जागी विरघळत चाललंय. तू कधी बोललास याबद्दल? तुझं सरकार बोललं? एक माणूस निदान माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, बाई, तुमचं नुकसान होतंय."

मी बायकोकडे बघितलं.

माझी बायको हळूच म्हणाली, "ताई, रोग खरा असला म्हणजे औषध खरं असतंच असं नाही. हे तुम्हीच मला शिकवलंय."

ताईनं तोंड फिरवलं. "या आता. मला आंघोळीला जायचंय."

महातोलाच्या दिवशी गर्दी दुप्पट होती, निम्मी माणसं बाहेर आवारात उभी. यावेळी शहरातले एक पुढारी पहिल्या रांगेत होते, आणि वर्तमानपत्रांचे दोन वार्ताहर. ताई पाचव्या रांगेत, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरून. आमच्याकडे तिनं बघितलं नाही. मी सकाळीच त्या पोलीस अधिकाऱ्याला सांगून ठेवलं होतं, तो साध्या कपड्यांत दाराशी उभा होता.

नोटा मौनपेटीत जायला लागल्या तशी माझी बायको उठून स्टेजकडे गेली. "बाबा, नोटांआधी हे तोलाल का?" तिनं डबा पुढे केला. "कोरे कागद आहेत."

"अहो, घरी जाऊन स्वयंपाक बघा!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. टायवाला म्हणाला, "हा शास्त्रीय कार्यक्रम आहे, इथं पोरखेळ नको." बाबा कनवाळूपणे हसला. "बसा बाई. तुमचा दोष नाही. कागदी राज्यात वाढलेल्या मनाला शंका येणारच." टाळ्या झाल्या.

मग मी वर गेलो. हातात माझी पेटी होती, प्रमाण वजनांची. "मी वजनमापे निरीक्षक. या काट्यावर जो शिक्का आहे तो माझा. हा काटा मला केव्हाही, कुठेही तपासता येतो. आत्ता तपासणार आहे."

सभागृह कुजबुजलं. बाबाचा चेहरा मात्र उजळला. काटा निर्दोष आहे हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं, आणि सरकारी माणसानं सगळ्यांसमोर तो पारखावा यापेक्षा मोठी जाहिरात कोणती? "या साहेब, या! लोकहो, सरकार स्वतः आलंय! दिवे लावा रे, सगळ्यांना दिसू दे!"

दिवे लागले. मी सोन्याची लगड बाजूला ठेवली, माझी वजनं टाकून काटा खरा असल्याचं दाखवलं. टाळ्या पडल्या. मग म्हणालो, "आता तपासणीचा माल," आणि बायकोनं डबा उघडला.

ती एकेक चिठ्ठी पारड्यात पाकळीसारखी तिरपी ठेवत गेली. चौथ्या पाचव्या चिठ्ठीलाच बाबाच्या चेहऱ्यावरचं हसू वाळलं.

"दिवे बंद करा," तो हळू आवाजात म्हणाला.

"का हो बाबा?" माझी बायको मोठ्यानं म्हणाली. कोठारात हमालांना हाका मारून तिचा आवाज कमावलेला आहे. "आत्ता तर म्हणालात, सगळ्यांना दिसू दे!"

"यंत्रं तापतात... दिवे बंद करा म्हणतो ना!"

"राहू द्या दिवे!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला. माझे दातांचे डॉक्टर उभे होते. कशामुळे उभे राहिले देव जाणे, बहुधा गुंतवलेल्या पैशाची भीती. "राहू द्या! बघू तर!"

दिवे राहिले. मी वजनं टाकून काटा मध्यावर आणला आणि दोघं बाजूला झालो. पडद्यावर अजून साबणाची जाहिरात चालू होती. चार मिनिटं, पाच मिनिटं. कोणी खोकलं तरी ऐकू येत होतं. आणि कोऱ्या कागदांचं पारडं केसाकेसानं वर चढायला लागलं. त्याच चालीनं.

"या कागदावर कोणाची सही आहे?" बायकोनं एक चिठ्ठी उचलून दोन्ही बाजूंनी दाखवली. "कुठल्या सरकारनं छापलाय हा? आमच्या छापखान्यातला, वह्यांचा कागद आहे. मी सकाळी ओल्या फडक्यावर ठेवला होता, इथं दिव्याखाली वाळतोय. घटतंय ते पाणी. वचनबिचन काही नाही. आता यांच्या पेटीत काय आहे ते बघा."

मी मौनपेटी उलटी केली. नोटा पडल्या, मग भोकं पाडलेली पत्र्याची ताटली, आणि तिच्या खालून चिंब ओला लोकरी पट्टा थपकन स्टेजवर पडला. त्यातून पाण्याचा ओघळ पुढाऱ्यांच्या बुटांच्या दिशेनं निघाला.

इथं खेळ संपायला हवा होता. संपला नाही. बाबानं दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "कोरा कागद तरी कोणाचा? त्यावरही सरकारचा कर आहे! सरकार ज्या ज्या कागदाला शिवतं, त्याचं वजन घटतं!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. सगळ्यांनी नाही, पण निम्म्यांनी नक्की. ओला पट्टा डोळ्यांसमोर पडलेला असताना. आयुष्यात मला माणसांची इतकी शिसारी कधी आली नव्हती. वाटलं, पेटी उचलावी आणि निघून जावं. यांना लुटलं जायचंच असेल तर आपण कोण आडवे येणारे?

तेवढ्यात ताई उठली. रांगेतून वाट काढत, कोणाच्या पायावर पाय देत स्टेजवर आली. पर्समधून कुपी काढून तिनं टेबलावर ठेवली.

"ही फोडली तर काय होईल?" तिनं बाबाला विचारलं. इस्पितळात शिकाऊ मुलींना विचारायची त्याच आवाजात.

"ताई, तेज उतरेल. तुमचं वर्षभराचं पुण्य..."

"तेज उतरल्यावर सोन्याचं काय होतं? पितळ होतं? माती होते? नीट सांगा."

"ते शब्दांत सांगण्यासारखं..."

"माझ्या बापाच्या वयाच्या माणसांना मी सुई टोचली आहे, आधी काय होणार ते सांगून. तुम्हाला तेवढंही सांगता येत नाही." ती माझ्याकडे वळली. "तुझं ते जड वजन दे."

प्रमाण वजनावर साधं बोटही उमटू द्यायचं नसतं. आम्ही ते चिमट्यानं, नाहीतर हातमोजा घालून उचलतो. मी एक किलोचं वजन उचलून तिच्या हातात दिलं. पहिल्या घावानं राळेला तडा गेला, दुसऱ्यानं ती फुटली. नाणं घरंगळलं. ताईनं पर्समधली कात्री काढली, जखमेच्या पट्ट्या कापायची, आणि तिच्या टोकानं नाण्यावर जोर देऊन एक रेघ ओढली. कॅमेरा चालूच होता. साबणाच्या जाहिरातीच्या जागी पडद्यावर नाणं आलं, आणि सोनेरी पापुद्र्याखालचं लालसर तांबं.

"तांबं," ती म्हणाली. मग कात्री पुसून पर्समध्ये ठेवली.

त्यानंतर जे झालं ते सांगायलाही नको वाटतं, पण सांगायला हवं. पहिली झुंबड बाबाकडे गेली नाही. ती स्टेजवर सांडलेल्या शंभर नोटांवर पडली. ज्यांनी एकही दिली नव्हती तेही दोन दोन उचलत होते. एक गृहस्थ सोन्याची लगड खिशात घालताना सापडले. ती सोन्याची नव्हती, हे त्यांना नंतर कळलं. टायवाला ओरडत होता की आपणही फसलो, आपल्यालाही कुप्याच देऊन पगार भागवला. एका बाईनं मला अडवून विचारलं, "पण मागच्या महिन्यातल्या कुप्या तरी खऱ्या असतील ना?" आणि एक जण, चांगला शिकलेला, डोळ्यांत पाणी आणून मलाच म्हणाला, "तुमचं काय जात होतं हो? चाललं होतं ते चालू द्यायचं."

बाबा बाजूच्या दारानं निघाला होता. दाराशी पोलीस अधिकारी होता. अनवाणी पायांनी तो गाडीत बसला तेव्हा त्याच्या सुटाच्या आतल्या खिशांत नोटांची पुडकी सापडली. त्याच कागदाच्या, ज्याचं वजन घटतं म्हणून जगाला तो सोडायला सांगत होता. सोनं त्याच्याकडे गुंजभरही नव्हतं. मिळाले तेवढे पैसे न्यायालयानं वाटून दिले. ताईला तिच्या पैशांतला चौथा हिस्सा परत मिळाला. दुसरं निम्मं तिच्या पर्समध्येच राहिलं होतं, म्हणून ती आज स्वतःच्या घरात राहते. मला खात्याकडून प्रमाण वजनाला पोचा आणल्याबद्दल लेखी समज मिळाली. ती रास्त होती.

ताई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एके दिवशी सकाळी तिचा फोन आला. "मला ते समजावून सांग."

"काय?"

"महागाई. व्याजदर. बँक नोटा का छापते, कधी जास्त छापते, कोण ठरवतं. मला कोणी बाबा नको आणि कोणी टायवाला नको. कुठं लिहिलेलं असेल ते आण."

लिहिलेलं होतं. मध्यवर्ती बँकेचा अहवाल कोणालाही फुकट मिळतो. भाववाढीचे आकडे दर महिन्याला छापून येतात. बैठकीचं इतिवृत्त, कोण सदस्य कशाच्या बाजूनं होता, कोण विरुद्ध होता, सगळं उघड असतं. मी प्रती काढून नेल्या. आम्ही तिघं तिच्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी तीन रविवार बसलो. मलाही निम्मं कळत नव्हतं. ताई पेन्सिलीनं खुणा करत वाचायची, अडलं की थांबायची, मागे जायची. काही ठिकाणी तिनं "हे चूक आहे" असं लिहिलं, आणि दोन ठिकाणी तिचं बरोबरही असावं. तिसऱ्या रविवारी तिनं बँकेला दोन पानी पत्र लिहिलं. ठेवीदार म्हातारी माणसं व्याजदर कमी झाल्यावर कशी जगणार, याचा विचार बैठकीत कोणी केला का, असा त्यात सरळ प्रश्न होता. उत्तर अजून आलेलं नाही. तिनं दुसरं पत्र पाठवलंय.

"हे अवघड नाही रे," ती त्या दिवशी कागद सरळ करत म्हणाली. "नुसतं कंटाळवाणं आहे."

मला वाटतं, तिनं नेमकं तेच सांगितलं जे मला इतके दिवस सांगता येत नव्हतं. नोटेची किंमत घटते, हे खरं आहे. ती कुठल्या पारड्यात दिसत नाही. ती दिसते आकड्यांच्या रुक्ष तक्त्यांत, वर्षानुवर्षांच्या भावांत, चार माणसांच्या रटाळ बैठकीत. ते वाचायला दिवे लागत नाहीत, पडदा लागत नाही, टाळ्याही पडत नाहीत. त्या कंटाळ्याच्या अलीकडे कोणी ना कोणी बाबा पांढरा सूट घालून उभाच असतो, आणि म्हणतो, तुम्ही कशाला त्रास घेता, मी दाखवतो ना. त्याला विचारा, कसं? पुन्हा विचारा, कसं? उत्तर मिळेपर्यंत खिशाला हात लावू नका. आणि कंटाळा आला, तरी वाचा.